फुटाण्यांचा नकाशा

मी आयुष्यभर नकाशे काढले आणि आयुष्यभर रस्ता चुकले. डांगे चौकात तर आजही मी कुणालातरी थांबवून विचारते, "भाऊ, पिंपळे गुरवला कुठनं जायचं?" पिंपळे गुरवला माझं स्वतःचं घर आहे. आमच्या ह्यांनी ही गोष्ट प्रत्येक लग्नात आणि बारशात सांगून झालेली आहे, म्हणून दुसऱ्या कुणी सांगायच्या आधी मीच सांगून मोकळी झाले. दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिहायला बसले तेव्हाही हे शेजारी चहा पीत होते. म्हणाले, "लिही की. ऑफिसला जाताना किती वेळा हरवलीस, तेवढ्यावरच अंक भरेल."

तर ह्यांचं बाजूला ठेवूया. माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर होते. "हिच्या हाताला वळण आहे, जिभेला नाही," असं म्हणून त्यांनी मला आयटीआयला ड्राफ्ट्समनच्या कोर्सला घातलं. ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनानं रेघ ओढायची आणि चुकली की ब्लेडनं हळूच खरवडायची, असं ते काम. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराला एक खोली वाढवायची होती, तिचा नकाशा मी काढला आणि बदल्यात डबाभर लाडू मिळाले. पुढं चिंचवडला एका छोट्या नकाशाच्या ऑफिसात लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिले. मध्ये कधीतरी ट्रेसिंग पेपर गेला आणि संगणक आला.

लोकांना वाटतं, नकाशा म्हणजे एक चित्र. तसं नसतं हो. नकाशा म्हणजे एकावर एक ठेवलेले कागद. खालच्यावर रस्ते, त्याच्यावर ओढेनाले, त्याच्यावर घरं, आणि सगळ्यात वर माणसं. संगणकातही हेच, फक्त कागद दिसत नाहीत. आता तर आभाळातला उपग्रह फोटो पाठवतो, आणि तुमच्या खिशातला मोबाइल दर थोड्या वेळानं सांगत असतो की मी इथं आहे, आता मी इथं आहे. ह्या सगळ्याला जिओस्पेशिअल डेटा म्हणतात. हे नाव पहिल्यांदा ऐकून माझ्या नणंदेनं मला मिठाई पाठवली होती; तिला वाटलं मला बढती मिळाली.

ऑफिसचे मालक गराडे सर. मावळातले, मनानं मोठे, आणि रंगांचे भयंकर शौकीन. नकाशात निदान सात रंग नसतील तर त्यांना तो उपाशी वाटायचा. "शालनताई, इथं जरा जांभळा भरा की." सर, जांभळा कशासाठी? तिथं काही नाहीये. "म्हणूनच भरा. रिकामं बरं दिसत नाही." अशा माणसाबरोबर मी इतकी वर्षं काढली, आणि भांडणं सोडली तर मजेत काढली.

गिऱ्हाइकं तर एकेक नमुना. तळेगावचे एक प्लॉटवाले अण्णा होते. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरी गाडी. त्यांच्या प्लॉटवरून ओढ्याची पूररेषा जात होती. मला म्हणाले, "ताई, ती निळी रेघ जरा पलीकडं ढकला. ओढ्याला काय कळतंय?" मी म्हटलं, "अण्णा, ओढ्यालाच तर कळतंय. तो नकाशा न बघता येतो." ते हसले, चहा प्यायले आणि गेले. पण अण्णा असे जाणारे नव्हते.

महामारीची पहिली दोन वर्षं उलटून कारखाने पुन्हा धडधडायला लागले, तेव्हा अण्णा परत आले. ह्या वेळी त्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. लॉकडाऊनमध्ये व्हॉट्सॲपवर एक नकाशा फिरत होता, कुणी बनवला देव जाणे. चाकणच्या बाजूची गावं, वाड्या, वस्त्या, आणि जिथं रुग्ण सापडला त्या घरावर लाल टिपका. घरावर, बरं का. गल्लीवर नाही, गावावर नाही, नेमकं घरावर. अण्णा म्हणाले, "ताई, हा जुना झालाय. ताजा मिळंल का? कुठली वस्ती तसली होती ते कळलं की जागेचा भाव बोलायला बरं पडतं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताप उतरून माणसं कामाला लागली होती, आणि अण्णांना अजून तो टिपका विकून खायचा होता. मी म्हटलं, "अण्णा, आमच्याकडे नाही, आणि असता तरी दिला नसता. चहा घेणार?" अण्णांनी चहा घेतला. चहाला ते कधी नाही म्हणाले नाहीत.

त्याच सुमाराला आमच्याकडे एक मोठं काम आलं. चाकणच्या बाजूच्या काही कंपन्यांनी एकत्र येऊन ठरवलं की कामगारांच्या बस आता सगळ्यांनी मिळून चालवायच्या. आधी प्रत्येक कंपनीची वेगळी बस, अर्धी रिकामी, आणि शिवाय ज्याची त्याची दुचाकी. तुम्ही कधी शिफ्ट सुटताना चाकण चौकात अडकला असाल तर जास्त सांगायला नको. कमी बस, नेमके थांबे, डिझेल कमी, धूर कमी, आणि उद्या पुन्हा कधी सगळं बंद पडलं तरी एवढ्या बस तरी चालू राहतील. त्या कामाच्या कागदावर लिहिलं होतं, 'शाश्वत आणि लवचिक पुनरुभारणी'. मी घरी वाचून दाखवलं. हे म्हणाले, "लवचिक म्हणजे? वाकवली तरी मोडणार नाही अशी?" मी म्हटलं, "हो." "मग तुझ्यासारखी नाही," म्हणाले.

ह्या योजनेला एक काटा होता. कंपन्यांनी महामारीत एक नियम केला होता, मधल्या काळात ढिला पडलेला, तो नव्या बस सुरू झाल्या की कडक लावायचं ठरलं: लाइनवर काम करणारानं कंपनीच्या बसनंच यायचं. टेम्पोत कोंबून, कुणाच्या मागं बसून आलेला चालणार नाही. ऐकायला चांगलं आहे. पण ह्याचा अर्थ असा की ज्या वस्तीला बसचा थांबा नाही, त्या वस्तीला कामही नाही. आणि थांबे कुठं द्यायचे ते आम्ही सांगायचं होतं.

गराडे सरांनी मोबाइलचा डेटा विकत आणला. नावं नाहीत, नंबर नाहीत, नुसते ठिपके: सकाळी कुठून निघाले आणि कुठं पोचले. संगणकात टाकला, रंग भरले आणि सर खुर्चीतून उठलेच. "शालनताई, इथं बघा! काय गर्दी! इथं बसथांबा नाही, रेल्वे स्टेशन पाहिजे!" मी जवळ जाऊन बघितलं. एका कंपनीच्या गेटवर, ठिपक्यावर ठिपका, सगळी शिफ्ट एका चौकोनात मावलेली, आणि आठ तास हललेली नाही. मी खालचा उपग्रहाचा फोटो मोठा केला. तो चौकोन म्हणजे सिक्युरिटीची केबिन होती. तिच्यात एक रखवालदार, एक खुर्ची आणि एक कुत्रं एवढंच मावतं. मी हसून हसून डोळे पुसले. अहो, आपल्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांत शॉपवर, म्हणजे यंत्रांपाशी, मोबाइल नेऊ देत नाहीत. गेटवर लॉकरमध्ये ठेवायचा आणि सुटताना घ्यायचा. माणसं आत घाम गाळत होती आणि त्यांचे मोबाइल केबिनीत आराम करत होते.

सरांनी केबिनीचा रेल्वे स्टेशनवाला विचार मागं घेतला. पण माझ्या डोक्यात एक किडा शिरला. मोबाइल जिथं असतो तिथं माणूस नसतो, हे एकदा कळलं की मग सगळीकडे तेच दिसायला लागतं. मी बाकीच्या वस्त्या बघत गेले. चाकणच्या पुढं, ओढ्याच्या पलीकडं एक वस्ती होती. तिथले ठिपके सकाळी घरात, दुपारी घरात, संध्याकाळी घरात. यंत्राचं म्हणणं, ह्या वस्तीतून कामाला कुणी जात नाही. थांब्याची गरज शून्य. पण उपग्रहाच्या फोटोत त्या वस्तीतून निघून शेताच्या बांधावरून हायवेपर्यंत एक पायवाट गेलेली होती, पांढरीशुभ्र, घासून घासून गुळगुळीत झालेली.

"सर, ही वाट कशानं पडली?"

सरांनी चष्मा वर केला. "शेळ्यांची असेल."

"शेळ्या सरळ हायवेला जातात? ओव्हरटाइमला?"

सरांनी चष्मा काढून पुसला. नंतर म्हणाले, "जाऊन बघा मग. पण मिस्टरांना घेऊन जा, नाहीतर तुम्हाला शोधायला मला यावं लागेल."

आमच्या धंद्यात ह्याला जागेवर जाऊन खात्री करणं म्हणतात, आणि हल्ली हेच कुणी करत नाही, सगळं खुर्चीत बसून उरकतात. गुरुवारी निघालो. गुरुवार म्हणजे आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यातला रविवार, सगळे घरी. हे स्कूटर चालवत होते आणि मी मागं बसून छापलेला नकाशा धरून होते. दोनदा चुकलो. दोन्ही वेळा ह्यांनी मागं वळून माझ्याकडे असं बघितलं की मी नकाशा घडी घालून पिशवीत ठेवला आणि रस्त्यावरच्या माणसाला विचारलं.

वस्तीत पिठाच्या गिरणीसमोर बायका धुणं वाळत घालत होत्या. मी कोण, कुठली ते सांगितलं. "बाई, तुम्ही कामाला जाता ना?" असं विचारल्यावर सगळ्या अशा हसल्या की माझी मलाच लाज वाटली. सगळ्याच जात होत्या. पॅकिंगला, असेंब्लीला, कुणी कॅन्टीनला. पहाटे पायवाटेनं हायवेवर, तिथनं टेम्पो. आणि मोबाइल? घरात एकच. शाळा मोबाइलवर भरायला लागल्यापासून तो पोरांकडे गेला तो गेलाच. शाळा उघडली तरी मोबाइल परत आला नव्हता. म्हणजे कामाला जायच्या त्या बायका, आणि यंत्राला दिसायचा तो घरात गेम खेळणारा मोबाइल.

मी उत्साहानं सांगायला लागले की तुमची नोंद करते, घरं टिपते, म्हणजे तुम्हाला थांबा मिळेल. एवढं म्हटलं आणि हसणं बंद झालं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मागून एक बाई पुढं आली. चाळिशीची, उंच, हातात ओल्या कपड्यांचा पिळा. तिला कुसुम म्हणूया, खरं नाव मी लिहिणार नाही.

"टिपका मारनार का?" तिनं विचारलं.

"हो, म्हणजे नकाशावर—"

"न्हाई मारायचा."

तिची गोष्ट मला तिनं सांगितली नाही, बाकीच्यांनी तुकड्यातुकड्यानं सांगितली, ती तिथंच उभी असताना. लॉकडाऊनमध्ये तिच्या नवऱ्याला ताप आला. तो बरा झाला, आजही ठणठणीत आहे. पण त्याच व्हॉट्सॲपच्या नकाशात तिच्या घरावर लाल टिपका पडला. दुसऱ्या दिवशी गल्लीला पत्रे ठोकले. कुसुमच्या दोन म्हशी होत्या, त्यांचं दूध आसपासच्या सोसायट्यांत जायचं, वस्तीतही. पत्रे निघाले तरी दूध कुणी घेईना. महिना झाला, दोन झाले, तरी घेईना.

"मशीला काय करोना झाल्ता का वो?" कुसुम एकदम बोलली. "मी इचारलं एकीला तोंडावर. ती म्हनली, तसं न्हाई गं, पर नकाशात हाय ना तुझं घर. इकल्या मशी. तवा कुठं कंपनीत लागले. आता पुन्यांदा नकाशा न्हाई."

धुणं वाळत घालणाऱ्या बायकांपैकी दोघीतिघींनी मान खाली घातली. दूध न घेणाऱ्यांत त्या असाव्यात. 

 टिपका नाही तर थांबा नाही, थांबा नाही तर काम नाही. आणि टिपका मारायचा तर ह्या बाईनं कशाच्या जोरावर माझ्यावर विश्वास ठेवायचा? एकदा टिपक्यानं तिच्या म्हशी नेल्या होत्या, आता टिपका नसल्यामुळं तिची नोकरी जाणार होती. मी खरं सांगते, इतक्या वर्षांत मला माझ्याच धंद्याचा राग पहिल्यांदा आला.

आणि तेवढ्यात मागं कुरुमकुरुम आवाज आला. हे फुटाणे खात होते. डॉक्टरांनी फरसाण बंद केल्यापासून ह्यांच्या खिशात फुटाण्यांची पुडी असते, कुठल्याही प्रसंगाला ती उघडते. मी रागानं वळले, "अहो, आत्ता?" आणि वळता वळता मला सुचलं.

मी पिशवीतला मोठा नकाशा काढला आणि गिरणीच्या अंगणात अंथरला. वाऱ्यानं उडायला लागला तशा बायकांनी चार कोपऱ्यांवर चपला ठेवल्या. मी सांगितलं, "हे बघा, ही गिरणी, ही टाकी, हा ओढा, हा हायवे. कुणी आपलं घर दाखवायचं नाही. मला तुमचं घर नको, नाव नको, नंबर नको. सकाळी बसची वाट बघत तुम्ही कुठं उभ्या राहाल, तिथं एक फुटाणा ठेवा. मी फुटाणे मोजणार आणि नकाशा झटकून टाकणार. बस."

"एवढंच?" कुसुमनं विचारलं.

"एवढंच."

पहिला फुटाणा यायला वेळ लागला. मग एकेक बाई पुढं यायला लागली, आणि मग सगळ्या नकाशाभोवती बसल्या. गराडे सरांनी थांबा जिथं धरला असता, म्हणजे हायवेच्या फाट्यावर, तिथं एकही फुटाणा पडला नाही. "तिथं दारूचं दुकान हाय ताई, पहाटंच चालू आसतं." टाकीजवळ दोन पडले आणि लगेच उचलले गेले, तिथं दिवा नाही म्हणून. सगळे फुटाणे सरकत सरकत गिरणीसमोर आले. गिरणीला बाहेर दिवा आहे, आणि गिरणीवाली मावशी पहाटेच उठलेली असते. एकीनं दोन फुटाणे ठेवले. बाकीच्या ओरडल्या, "ए, आगाऊ, एकच!" तिचं म्हणणं, एक सुनेचा. सून बाळंतपणाला माहेरी होती, म्हणून तो उचलला. सगळे मोजले, एकवीस झाले.

कुसुमनं ठेवला नाही. मी तिच्याकडे बघितलं. तिनं मान हलवली. "मला नका वो. ह्या ठेवत्यात ना, ठेवू द्या." मी आग्रह केला नाही. करायला नको होताच.

मी कागदावर लिहिलं: गिरणीसमोर, एकवीस. आणि भोवती जमलेल्या पोरांना म्हटलं, खा. पोरांनी चपला बाजूला करून नकाशा साफ केला. हे पण पोरांत होते. डेटा काम झाल्यावर नष्ट करावा असं आम्हाला एका प्रशिक्षणात मोठ्या पडद्यावर दाखवलं होतं. कसा करायचा ते मला त्या अंगणात कळलं.

बातमी फुटायला वेळ लागत नाही. पुढच्याच आठवड्यात अण्णा हजर. "ताई, त्या वस्तीला थांबा येणार म्हणे. नेमका कुठं? आणि कुठल्या घरच्या बायका? शेजारच्या जागेचं बघतो जरा." मी टेबलावरची वाटी पुढं केली. म्हटलं, "अण्णा, हा सगळा डेटा. घ्या." अण्णांनी एक फुटाणा तोंडात टाकला, चावला आणि वाटी परत सरकवली. मग चहा मागितला.

खरी परीक्षा पुढं होती. कंपन्यांच्या बैठकीत एचआरचे एक साहेब बसले होते. तरुण, हुशार, आणि आकडा जुळल्याशिवाय ज्यांना जेवण जात नाही असे. त्यांनी आमचा अहवाल उलटसुलट केला. "मॅडम, डेटात इथं शून्य आहे. तुमचे एकवीस कुठून आले? मला प्रत्येकीचं नाव, घराचं लोकेशन, मोबाइल नंबर द्या. व्हेरिफाय करतो."

मी म्हटलं, "नाही देणार."

टेबलाखालून गराडे सरांनी माझ्या पायावर पाय दिला. मी तो बाजूला केला.

"साहेब, बस कुठं थांबवायची ते तुम्हाला पाहिजे, की बायका कुठं झोपतात ते? बस गिरणीसमोर थांबते, कुणाच्या उंबऱ्यावर नाही. मग उंबरा कशाला टिपायचा?" आणि मी केबिनीचा फोटो पडद्यावर लावला. "तुमचा हाच डेटा सांगतो की तुमची अख्खी शिफ्ट सिक्युरिटीच्या केबिनीत बसते. ह्याला व्हेरिफाय करणार का?" बाकीचे साहेब लोक हसले. एकानं विचारलं, कुत्र्यालाही पगार जातो का. एचआरचे साहेब हसले नाहीत.

मला वाटलं, आता काम गेलं. आणि मग गराडे सर खाकरले. माझे रंगवाले गराडे सर. म्हणाले, "ताई सांगतात ते बरोबर आहे. घरांचे टिपके मागू नका. एकदा मारलेला टिपका लोकांच्या डोक्यातून निघत नाही. ती वस्ती नकाशात रिकामी दिसली तरी चालेल, मी तिथं रंग भरणार नाही." मी त्यांच्याकडे बघतच राहिले. सरांच्या तोंडून रिकामी जागा चालेल हे ऐकायला मी किती वर्षं थांबले होते!

ठरलं ते असं: सोमवारपासून आठवडाभर बस गिरणीसमोर थांबेल. साहेब स्वतः मोजतील. एकवीस भरल्या तर थांबा कायम. "एकही कमी नको, मॅडम," साहेब म्हणाले. "आकडा तुमचा आहे."

सोमवारी पहाटे आम्ही दोघं गिरणीसमोर उभे. ह्या वेळी रस्ता चुकलो नाही, कारण आदल्या दिवशी हे एकटे जाऊन बघून आले होते. गिरणीचा दिवा चालू, मावशी गिरणीच्या चाकाला तेल देत होती. बस आली. साहेब पांढरे बूट घालून दारात उभे राहिले आणि मोजायला लागले. बायका येत होत्या, चढत होत्या, डब्यांच्या पिशव्या खुळखुळत होत्या. मी मनात मोजत होते. वीस झाल्या आणि पुढं कुणी येईना.

एकीच्या पोराला रात्रीपासून ताप होता, ती आलीच नव्हती. साहेबांनी घड्याळात बघितलं. "मॅडम, वीस." मी म्हटलं, दोन मिनिटं थांबा. पोरगं आजारी पडणं कुठल्या नकाशात टिपायचं, सांगा. साहेब म्हणाले, "मी म्हटलं होतं, एकही कमी नको." बसमधल्या बायका खिडकीतून बाहेर बघत होत्या. ड्रायव्हरनं गिअर टाकला.

गिरणीच्या भिंतीआडून कुसुम पुढं आली. डबा काखेत, पदर घट्ट खोचलेला. ती पायवाटेनंच निघालेली असणार, मध्येच थांबून बघत होती. तिनं आधी खिडक्यांकडे बघितलं. खिडकीतल्या दोघीतिघी त्याच होत्या, दूध न घेणाऱ्या. त्यातल्याच एकीनं आतून हाक मारली, "कुसे, ये की गं! जागा धरलीया तुला!"

कुसुम चढली. पायरीवर एक पाय ठेवून माझ्याकडे वळली. "ताई, बसतीया मी. पर लिवायचं न्हाई कुठं." मी मान डोलावली. माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं, ह्यांनी ते बघितलं आणि पुडी पुढं केली.

साहेबांनी कागदावर एकवीस लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पोराचा ताप उतरला आणि त्याची आई कामावर आली. दुपारी साहेबांचा फोन. "मॅडम, तुमचा आकडा चुकला. आज बावीस चढल्या."

"चुकला का? असू दे," मी म्हटलं.

थांबा कायम झाला. आज मी निवृत्त आहे, त्या बाजूला जाणं होत नाही, आणि गेले तरी पोचेन याची खात्री नाही. पण बस रोज गिरणीसमोर थांबते एवढं मला ठाऊक आहे. अहवाल छापायला जाताना गराडे सर म्हणाले होते, "ताई, बावीस करून टाका, बरोबर होईल." मी केलं नाही. त्या अहवालात आजही एकवीसच बायका आहेत, आणि बाविसावी खिडकीजवळ बसून कामाला जाते.